हालाचे दिवस लिहायचे कसे?

आठवणी लिहायला बसलं की बहुतेकजण जन्मापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या पानावर वही बंद पडते. म्हणून आधी काळ ठरवा. गाव सोडल्यापासून पहिल्या पगारापर्यंतची आठ-दहा वर्षं एका पुस्तकाला पुष्कळ झाली.

मग सालवारी मांडा: डावीकडे साल, मधे घरातली घटना, उजवीकडे गावातली. दाखल्यावरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली असते. म्हाताऱ्या माणसांना साल विचारण्यापेक्षा 'बहात्तरच्या दुष्काळात मिलो (रेशनची तांबडी ज्वारी) खाल्ला तेव्हा दादा चालत होता का?' असं विचारा. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३ची पहाट), मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार (१४ जानेवारी १९९४), लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो २०१६चा उन्हाळा, हे खुंटे पक्के आहेत. बाकीचं त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवा.

'किती कष्ट केले?' असं आईला विचारलंत तर 'लई हाल काढले बाबा' एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा विचारा: त्या साली ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली? कोणत्या साखर कारखान्यावर गेलात? हंगामाअखेर ती फिटली का? फिटली नसेल तर पुढच्या दसऱ्याला त्याच टोळीत जावं लागलं असणार, आणि शाळा का सुटली याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच सापडतं. शेंगा फोडताना, तांदूळ निवडताना विचारा. हात गुंतले की माणूस मोकळं बोलतं. विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण अर्ध्या तासावर नको.

लिहिताना 'आम्ही अत्यंत हलाखीत दिवस काढले' हे वाक्य खोडा. त्याऐवजी (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी): 'कोपीच्या दाराला मायची जुनी साडी लावलेली. पहाटे ती हलली की समजायचं, दोघं फडात निघाले. आता धाकटी माझ्या हवाली.' यात गरिबी हा शब्दच नाही. त्याची गरजही नाही. संवादात 'काय करूलालास?' तसंच ठेवा; प्रमाण भाषेत बोलणारी माय कुणाला खरी वाटणार?

एक प्रसंग सहाशे ते आठशे शब्दांचा धरा. असे चाळीसेक झाले की सव्वाशे पानांचं पुस्तक होतं.

पुस्तक घसरतं ते नोकरी लागल्यावर. पुढं सत्कार, शाली, साहेबांचे आभार, आणि वाचक उठून जातो. निकालापेक्षा आधीची वर्षं सविस्तर लिहा: स्पर्धा परीक्षेची पूर्व परीक्षा किती वेळा गेली, खानावळीचे पैसे थकल्यावर कुणी डबा दिला, घरी काय खोटं सांगितलं. निवडीच्या यादीत नाव दिसलं तिथं थांबलात तरी चालेल.

माणसांची नावं बदलून भागत नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात मुकादम एकच असतो, लगेच ओळखू येतो; गाव आणि धंदाही बदला. कर्ज, मारहाण, घरातल्या बाईबद्दलचा मजकूर तिला आधी वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर काढा.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, तेव्हा छपाईला देण्याआधी एक प्रत कागदावर काढून मोठ्यानं वाचा.