फेसलिफ्टच्या आधी आणि नंतर: या चुका टाळा

पुण्यातील प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे. फेसलिफ्टची, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा वर ओढून घट्ट बसवण्याची, शस्त्रक्रिया नीट पार पडूनही पुढे बिघाड झालेला मी जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा बहुतेक वेळा कारण दोहोंपैकी एक होते: उचललेल्या त्वचेला रक्त पुरले नाही, किंवा त्या त्वचेखाली रक्त साचले. ही दोन्ही कारणे बऱ्याच अंशी रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतात, आणि तरीही त्याच त्या चुका होत राहतात.

या शस्त्रक्रियेत कानापुढून छेद घेऊन तो पाळीला वळसा घालत कानामागे केसांपर्यंत नेतात, गालाची व मानेची त्वचा खालच्या थरापासून सोडवतात, स्मास नावाचा तो खालचा थर वर ओढून टाके घालतात आणि मगच जादा त्वचा कापून कडा जुळवतात. सोडवलेल्या त्वचेला रक्त येते ते फक्त गालाच्या मध्याकडून. कानामागचा भाग त्या रक्तापासून सर्वांत लांब असतो आणि नेमका तोच सर्वांत आधी दगावतो.

मिश्री हीसुद्धा तंबाखूच

कातडी जिवंत राहते ती तिला मिळणाऱ्या रक्तावर, हे पुण्याला नव्याने सांगण्याची गरज नसावी. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले, त्याची हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्या हकिकतीत कातडीचा भुवयांमधला दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापतात असे म्हटले आहे. नाकाच्या जागी नवे रक्त रुजेपर्यंत तो दुवा तोडायचा नाही, एवढा धीर त्या कारागिराकडे होता. निकोटीन नेमके याच्या उलट काम करते. ते बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि ताणून शिवलेल्या त्वचेच्या कडेपर्यंत रक्त पोहोचू देत नाही.

काही वर्षांपूर्वी साठीकडे झुकलेल्या एक काकू आमच्याकडे दाखल झाल्या. धूम्रपान करता का, असे मी विचारल्यावर त्या जवळजवळ रागावल्या. “आमच्या घरात सिगारेटला कोणी हातही लावत नाही हो, सिस्टर,” असे त्या म्हणाल्या आणि मी कागदावर ‘नाही’ लिहून मोकळी झाले. चौथ्या दिवशी त्यांच्या डाव्या कानामागची त्वचा निळसर दिसू लागली आणि दोन दिवसांत रुपयाएवढा भाग काळा पडला. ड्रेसिंग करताना मी सूनबाईंना पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तेव्हा कुठे त्या हळूच म्हणाल्या, “आई दिवसातून तीनदा मिश्री लावतात. इथेही डबी आणली आहे.” भाजलेली असली तरी मिश्री तंबाखूच असते आणि तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून सरळ रक्तात जाते. जखम भरायला दीड महिना लागला आणि जिथे बारीक रेष राहायची, तिथे रुंद व्रण राहिला. काकू खोटे बोलल्या नव्हत्या. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

तेव्हापासून मी ‘दात कशाने घासता?’ असे विचारते आणि त्यापुढे तपकीर, मावा, गुटखा, पानातली तंबाखू अशी एकेक नावे घेते. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे यांपैकी काहीही चालत नाही. सवय सोडवण्यासाठी घेतलेल्या निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगमही सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ‘चार दिवस आधी बंद केली आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्याची तारीख पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चेहरा महिनाभर थांबू शकतो. मेलेली त्वचा परत येत नाही.

रक्तदाबाची गोळी आणि पहिली रात्र

दुसरी चूक ‘उपाशीपोटी या’ या सूचनेतून जन्मते. घन आहार सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करायचे असते, पण अनेक जण त्यासोबत रक्तदाबाची रोजची गोळीही टाळतात. कोणती गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यावे. मी स्वतः ते मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाच्या नव्हे, तर सोबत राहणाऱ्या माणसाच्या हातात देते.

गोळी चुकली की रक्तदाब चढतो आणि त्वचेखाली रक्त साचण्याचा धोका वाढतो. असे रक्त साचणे, म्हणजे हिमॅटोमा, ही फेसलिफ्टनंतरची सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते, आणि दाढीच्या त्वचेला रक्तपुरवठा जास्त असल्यामुळे पुरुषांमध्ये तिचे प्रमाण अधिक असते. एका गृहस्थांनी अशीच गोळी चुकवली होती. संध्याकाळी भेटायला आलेल्या मंडळींशी ते उठून बसून तासभर बोलले आणि रात्री कोणाला न सांगता स्वतःच शौचालयात जाऊन आले. उजवा गाल ताणल्यासारखा वाटतो, असे त्यांनी पत्नीला सांगितले होते, पण “आता कशाला उठवायचे सिस्टरना, सकाळी सांगू” असे दोघांनी मिळून ठरवले. साडेअकराच्या फेरीत मी पाहिले, तेव्हा तो गाल दगडासारखा घट्ट झाला होता, निळेपणा ओठापर्यंत उतरला होता आणि रक्तदाब 180 च्या वर होता. त्यांना लगेच पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन गुठळी काढली, म्हणून त्वचा वाचली. हाच प्रकार घरी झाला असता आणि सकाळची वाट पाहिली असती, तर आतल्या दाबाने ती त्वचा गेली असती.

दोन्ही गाल सुजणे अपेक्षितच असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त दिसते. मात्र एकच बाजू भराभर फुगली, घट्ट झाली, दुखणे वाढत गेले किंवा श्वास घेताना अडचण वाटली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कळवायचे. त्या वेळी कळवणे हा कुणालाही त्रास नसतो. पहिल्या दिवशी भेटणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते, मग ते कितीही रागावोत. खोकला, उलटी आणि शौचाला जोर करणे यांमुळेही रक्तदाब चढतो, म्हणून बद्धकोष्ठता असल्यास ती आधीच सांगावी.

अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या: यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून यांतले जे काही घेत असाल, ते सर्व पिशवीत भरून पहिल्या भेटीलाच आणावे. ‘ते तर आयुर्वेदिक आहे’ म्हणून काहीही वगळू नये. हृदयात स्टेंट असेल, तर अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करणे हे ती लपवून घेत राहण्याइतकेच धोक्याचे आहे. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा असतो.

घरगुती उपाय आणि घाई

शस्त्रक्रियेनंतर गाल आणि कानाची पाळी कित्येक आठवडे, कधी काही महिनेही बधिर असते. अशा त्वचेला तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक दिला, तर फोड येईपर्यंत रुग्णाला चटकाच कळत नाही. बर्फ थेट लावल्यासही तशीच इजा होते, आणि केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवाही त्याच कारणाने वर्ज्य आहे. टाक्यांवर हळदीचा लेप लावू नये.

पहिले दोन आठवडे पाठीवर, डोके उंच ठेवून झोपावे. देवाला नमस्कारही वाकून न करता बसूनच करावा. केसांचा रंग शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी लावून घ्यावा, नंतर महिना-दीड महिना नाही.

मुलीच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना तारीख मागणाऱ्या पालकांना मी तळमळीने नको म्हणते. कानापुढचे टाके आठवड्याभरात आणि केसांतले साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात, निळेपणा दोन आठवड्यांत ओसरतो, पण उरलेली सूज आणि व्रणाचा गुलाबीपणा पुढे कित्येक महिने रेंगाळतो. किमान तीन महिने हाताशी असावेत. एवढा वेळ नसेल, तर दोऱ्याने चेहरा ओढून देणारा झटपट उपाय मुहूर्तासाठी करून घेणे मला पटत नाही, कारण त्याचा परिणाम मर्यादित असतो आणि फार टिकत नाही. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे फोटो काढून तुलना करत बसू नये. मात्र भुवई किंवा ओठ एका बाजूला हलत नसेल, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवावे. ते बहुधा तात्पुरते असते, पण तपासून घ्यावे लागते.

राहिली पुण्याची दुचाकी. उन्हासाठी आणि धुळीसाठी आपल्या मुली-बायका चेहऱ्यावर जो स्कार्फ आवळून बांधतात, त्याची गाठ आणि वरचे हेल्मेट बरोबर कानामागच्या त्याच अशक्त जागेवर दाबतात. हेल्मेटशिवाय गाडी चालवणे हा पर्याय होऊ शकत नाही, म्हणून सर्जन परवानगी देईपर्यंत रिक्षानेच यावे, आणि उन्हासाठी डोक्यावरून ओढणी सैल घ्यावी.