जुनाट इसबावर आयुर्वेदिक उपचार कसे घ्यावेत

घोट्यापाशी किंवा कोपराच्या लवणीत वर्षानुवर्षे खाजणारा, कातडी जाड व काळपट करणारा इसब आयुर्वेदात बहुधा विचर्चिका या क्षुद्रकुष्ठात (त्वचारोगांच्या सौम्य गटात; येथे कुष्ठ म्हणजे महारोग नव्हे) मोडतो. खाज, काळपट पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव ही तिची लक्षणे चरकसंहितेत दिली आहेत. तरीही आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान पक्के करून घ्यावे, कारण गजकर्णावर स्टेरॉइडमिश्रित मलम चोळत राहिल्यास त्याची कड पुसट होते आणि ते इसबासारखेच दिसू लागते.

उपचाराची सुरुवात कारणे टाळण्यापासून होते आणि नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. शिकरण, माशांच्या जेवणावर दूध, रात्रीचे दही, फार खारट व आंबवलेले पदार्थ आणि जेवल्यावरची दुपारची झोप वैद्य बंद करायला सांगतात. कडक साबण, धुण्याची पावडर आणि कातडीला घासणारे लोकरी कपडेही दूर ठेवावेत.

पोटात घेण्यासाठी कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, रिंगणी व पडवळ यांनी सिद्ध केलेले पंचतिक्त घृत आणि महामंजिष्ठादि काढा सामान्यतः दिला जातो. आरोग्यवर्धिनी या गोळीत पारा, गंधक आणि ताम्रभस्म असल्याने ती दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. स्राव होत असेल तर दोन चमचे त्रिफळ्याची भरड चार कप पाण्यात उकळून एक कप उरवावी, गाळून कोमट झाल्यावर त्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने चट्टा धुवावा आणि न घासता टिपून घ्यावा. कोरड्या चट्ट्यावर करंज तेल आधी थोड्याच जागी लावून पाहावे. बावची ही औषधी बी मात्र स्वतःहून लावू नये, कारण उन्हात गेल्यावर तिच्यामुळे कातडी भाजते.

इतक्याने रोग हटला नाही तर शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, करावे लागते. विरेचनाआधी (रेचक देऊन पोट साफ करण्याआधी) तीन ते सात दिवस सकाळी रिकाम्या पोटी वाढत्या मात्रेत औषधी तूप, मग अंगाला तेल व वाफ, त्यानंतर रेचक आणि शेवटी पेज, मऊ भात, मुगाचे कढण असा चढता आहार, हा क्रम मोडू नये; काम व प्रवास यांतून तेवढे दिवस मोकळे काढणे शक्य नसेल, तर विरेचन पुढे ढकललेले बरे. शरद ऋतू विरेचन व रक्तमोक्षण (दूषित रक्त काढणे) या दोन्हींना योग्य मानला आहे. रक्तमोक्षणासाठी चट्ट्यावर लावलेली जळू सुटत नसेल तर तिच्या तोंडाशी हळद टाकतात. जखमेतून नंतर काही तास रक्त झिरपू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास वैद्यांना आधीच सांगावे. एका रुग्णाची जळू दुसऱ्याला लावू देऊ नये.

गर्भवती, मधुमेही आणि अशक्त व्यक्तींनी शोधनाचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा. आधीचे स्टेरॉइड एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत न्यावे. चट्ट्यावर पिवळी खपली धरली, तो दुखू लागला किंवा ताप आला, तर काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.