लेखक-मित्राच्या एकांकिकेला दाद देताना या चुका टाळा

एकांकिका लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात, परीक्षकांचे गुण मिळतात, कधी करंडकही मिळतो. दुसऱ्या लेखकाने नीट वाचून, विचार करून दिलेली दाद मात्र त्याच्या वाट्याला फार कमी येते. पुढची संहिता लिहिताना खरी उपयोगी पडते ती हीच.

महेश एलकुंचवारांची गोष्ट नाटकवाल्यांमध्ये सांगितली जाते. तरुणपणी नागपुरात ते सिनेमाला म्हणून गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहिलं. दिग्दर्शन विजया मेहतांचं होतं. त्या प्रयोगाने भारावून ते लिहू लागले. १९६७ मध्ये त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, ती विजया मेहतांच्या वाचनात आली, आणि पुढे त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. एकाने दुसऱ्याचं नाटक मन लावून पाहिलं, तिसरीने एक छोटी संहिता मन लावून वाचली, त्यातून मराठी रंगभूमीला एक मोठा नाटककार मिळाला. म्हणून आपण एकमेकांच्या एकांकिका कशा वाचतो आणि त्यांबद्दल काय बोलतो, याकडे गांभीर्याने पाहायला हवं. मी स्वतः नाटक लिहितो. स्पर्धांच्या दिवसांत लेखक मंडळींच्या गप्पांत ज्या चुका सारख्या ऐकू येतात, त्या इथे मांडतो आहे, सोबत त्या कशा टाळता येतील तेही.

पडदा पडताक्षणी निकाल सांगणं

प्रयोग संपल्यावर लेखक मेकअप रूमच्या दारात उभा असतो. कुठला क्यू (नटाला मिळणारा इशारा) हुकला, कुणी दोन वाक्यं गाळली, वेळेची मर्यादा ओलांडली का, हे सगळं त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. अशा वेळी ‘शेवट काही पटला नाही’ हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, फक्त लागतं. ‘भारी झाली’ हेसुद्धा पोहोचत नाही, कारण ते सगळेच म्हणत असतात.

त्या वेळी एकच जागा सांगा, पण नेमकी सांगा. समजा, एकांकिकेत बाप जेवणाचं ताट पुढे सरकवतो आणि मुलगी काही न बोलता ते परत त्याच्यासमोर ठेवते. ‘तिथे मला कळलं की घर विकलं गेलंय आणि तिलाही ते ठाऊक आहे,’ एवढं म्हणालात तरी पुरे. आपण न लिहिलेलं वाक्य प्रेक्षकाला ऐकू आलं, ही लेखकासाठी फार मोठी बातमी असते. बाकीचं बोलणं दोन-चार दिवसांनी, चहा घेत, संहिता समोर ठेवून करावं.

विषयालाच दाद देणं

‘विषय चांगला घेतलाय’ हे आपलं सगळ्यात लाडकं वाक्य. शेतकरी, वृद्धाश्रम, जात, मोबाईलच्या आहारी गेलेली मुलं. विषय महत्त्वाचा असला की एकांकिका महत्त्वाची ठरते असं आपण धरून चालतो. पण त्या विषयावर अग्रलेखही निघतो आणि भाषणही होतं. नाटककाराने वेगळं काय केलं, ते शोधायला हवं.

एलकुंचवारांचीच ‘होळी’ घ्या. ‘विद्यार्थ्यांमधली अस्वस्थता’ असा तिचा विषय एका ओळीत सांगता येईल, आणि त्या ओळीत एकांकिकेतलं काहीच येणार नाही. होळीची सुट्टी मिळाली नाही, इतक्या साध्या कारणावरून सुरू झालेला मुलांचा राग वाढत जातो. मग तो संस्थेवरून सरकतो आणि त्यांच्यातल्याच एका दुबळ्या मुलावर जाऊन आदळतो. दाद द्यायची ती या सरकण्याला. थट्टा कुठे संपली आणि छळ कुठे सुरू झाला, याची रेघ वाचकाला सापडत नाही. ती सापडू न देणं हे लेखकाचं कौशल्य.

उपाय सोपा आहे. विषय एका वाक्यात लिहून काढा आणि बाजूला ठेवा. मग रंगमंचावर कोण कुणाला काय करतं, एवढंच लिहा. दुसऱ्या यादीत काही उरलं नाही, तर एकांकिका अजून नाटकापर्यंत पोहोचलेली नाही, आणि मित्राला ते सांगायला हवं. उरलं, तर दाद त्याच यादीतून द्या.

‘याचं दोन अंकी कर’ असं सांगणं

हे कौतुक म्हणून सांगितलं जातं, पण त्यात एकांकिकेचा अपमान आहे. तिला मोठ्या नाटकाची पूर्वतयारी मानण्याची सवय आपल्याकडे घट्ट आहे.

याच भाषेत दिवाकर होऊन गेले. शंकर काशीनाथ गर्गे, १८८९ ते १९३१. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांपासून प्रेरणा घेऊन त्यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो, समोरच्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, तरी अख्खं घर उभं राहतं. ‘पंत मेले – राव चढले’ या नावातच एका घरातलं मरण आणि दुसऱ्या घरातली बढती आहे. हे सगळं दोन-तीन पानांत आटोपतं. त्यांच्या ५१ नाट्यछटांपैकी एखादी ताणून तीन अंकांची करता आली असती, असा विचार तरी करून पाहा. काय वाढलं असतं? फक्त माहिती.

मित्राची एकांकिका मोठी व्हावी असं वाटलं, तर आधी स्वतःला विचारा: दुसऱ्या अंकात काय घडेल? उत्तर ‘पात्रांची पार्श्वभूमी येईल’ असं असेल, तर गप्प राहा. पार्श्वभूमी न सांगताही ती जाणवली, म्हणूनच तुम्हाला एकांकिका आवडली. उत्तर ‘पात्राला आता एक असा निर्णय घ्यावा लागेल जो इथे लेखकाने टाळला आहे’ असं असेल, तर तो निर्णय कुठे टळला ते दाखवा. तो याच एकांकिकेत आणायचा की दुसऱ्या नाटकात, हे त्याचं तो ठरवेल.

प्रयोगाचं श्रेय किंवा दोष संहितेला देणं

महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातल्या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडकापासून (महाविद्यालयांमधली ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे) गावोगावच्या स्पर्धांपर्यंत, बहुतेक एकांकिका आपण वाचत नाही, पाहतो. त्यामुळे निळा प्रकाश, अचूक फ्रीझ (सगळ्यांनी एकदम थिजून उभं राहणं), विंगेतून येणारी ढोलकी आणि वीस मुलांचा समूह यांचा परिणाम आपण लेखकाच्या खात्यावर टाकतो. उलटही होतं. नटाने विरामच घेतला नाही, म्हणून तीन अर्थांचं वाक्य एका अर्थाचं झालं, आणि आपण म्हणतो, संवाद सपाट आहेत.

संहिता मागून घ्या. पूर्वी एकांकिका मासिकांतून छापून यायच्या, रंगमंचावर न पाहिलेल्या माणसालाही त्या वाचता यायच्या. आता त्या लेखकाच्या फोनमध्ये असतात आणि स्पर्धा संपली की तिथेच राहतात. मागितली तर लेखक आनंदाने देतो. कुठला खर्डा आहे तेही विचारा. पाऊण ते एक तासाच्या मर्यादेत बसवताना तालमीत बरंच कापलं जातं, आणि कापलेला प्रवेश हाच कधी कधी एकांकिकेचा कणा असतो. चेखॉव्हने तंबाखूच्या दुष्परिणामांवरचं छोटंसं स्वगत १८८६ मध्ये लिहिलं आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा बदललं. आपला मित्र तिसऱ्या खर्ड्यावर असेल, तर तिसऱ्या खर्ड्याचं वाचन करायचं असतं.

वाचनही दोनदा करा. एकदा मनात, एकदा मोठ्याने, शक्यतो दोघांनी पात्रं वाटून घेऊन. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलने खूण करा. अडखळणं कधी वाईट लिखाणाचं असतं, कधी पात्राचं स्वतःचं असतं. हा फरक कानालाच कळतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला. केवढी चर्चा झाली! करंडक द्यायला हवा होता की नव्हता, यावर सगळे बोलले. त्या फेरीतल्या एकेका संहितेत काय साधलं आणि काय निसटलं, यावर आम्हा लेखकांकडून सविस्तर लिहिलं जायला हवं होतं. त्या मुलांना त्याचीच गरज होती.

एका रात्रीत सगळ्या एकांकिका एकाच मापाने मोजणं

चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि २६ च्या पहाटेपर्यंत चालते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथे असतात. असा जागर मला मनापासून आवडतो. पण पहाटेपर्यंत लक्षात राहते ती मोठ्या आवाजाची, मोठ्या समूहाची एकांकिका. मध्यरात्रीनंतर आलेली दोन पात्रांची, हळू बोलणारी एकांकिका विसरली जाते. म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर, पुढचं नेपथ्य लागेपर्यंत, वहीत तीन गोष्टी टिपा: कुणाला काय हवं होतं, ते कुठल्या क्षणी बदललं, आणि कुठली गोष्ट शेवटपर्यंत कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडलीत की क्रम बदललेला दिसेल.

शेवटच्या कलाटणीवर सगळं तोलणं

कलाटणी चांगली की वाईट, हे पहिल्या वेळी कळत नाही. शेवट माहीत असताना एकांकिका पुन्हा वाचा. पहिल्या पानावरचं साधं वाक्य आता जड वाटलं, तर कलाटणी खरी. फक्त आपल्यापासून काहीतरी लपवलं होतं एवढंच कळलं, तर ती युक्ती आहे. मित्राला तसं स्पष्ट सांगावं.

बोली ‘सुधारणं’

‘प्रमाण मराठीत असती तर जास्त लोकांपर्यंत पोहोचली असती.’ मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोलीत लिहिणाऱ्याला हे ऐकावं लागतं, आणि मला त्याचा राग येतो. बोलीत म्हातारीचं एक हेल काढून आलेलं ‘हो’ वाक्यभर बोलून जातं. शब्द अडला तर लेखकाला फोन करा, त्याच्याकडून ते वाक्य बोलून घ्या. तुम्हाला न कळलेले शब्द आणि एकांकिकेला नको असलेले शब्द, या दोन वेगळ्या याद्या आहेत.

त्याच्या एकांकिकेत आपली एकांकिका लिहिणं

हा आजार फक्त लेखकांना होतो. समोरच्याची संहिता वाचताना आपल्याला लगेच दुसरा शेवट सुचतो, तिसरं पात्र सुचतं, आणि ‘मी असतो तर’ने सुरू होणारी वाक्यं आपण अभिप्राय म्हणून देतो. तरुण लेखक ती मानतो, कारण आपण वयाने मोठे असतो. पुढचा खर्डा धड त्याचाही राहत नाही, आपलाही होत नाही.

चेकोस्लोव्हाकियात सत्तरच्या दशकात वाक्लाव हावेलच्या नाटकांवर बंदी होती. बिअरच्या कारखान्यात काम केल्याच्या अनुभवावरून त्याने १९७५ मध्ये एक छोटं नाटक लिहिलं, मित्रांना वाचून दाखवायला. त्यात वान्येक नावाचा लेखक आहे, तोही अशाच कारखान्यात कामाला लागलेला. कारखान्यातला वरिष्ठ त्याला कचेरीतलं उबदार काम देऊ करतो, बदल्यात वान्येकने स्वतःवरचेच अहवाल पोलिसांसाठी लिहून द्यायचे. वान्येक फार बोलत नाही. तो सभ्यपणे ऐकतो, अवघडतो, नकार देतो, आणि त्याच्या गप्प राहण्यासमोर दुसरा माणूस स्वतःचं समर्थन करत उघडा पडत जातो.

हे पाहून पावेल कोहोउट, पावेल लांदोव्स्की आणि यिर्झी दीन्स्तबीर या त्याच्या मित्रांनी काय केलं? त्यांनी वान्येकला घेऊन स्वतःची छोटी नाटकं लिहिली. हावेलचं नाटक जसंच्या तसं राहिलं. वान्येकचं कमी बोलणं हे या रचनेचं इंजिन आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. १९८२ मध्ये हावेल तुरुंगात असताना सॅम्युएल बेकेटने त्याला अर्पण केलेलं एक छोटं नाटक फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात झालं. त्यात एक दिग्दर्शक नटाच्या शरीराला हवं तसं वाकवून घेतो, आणि अखेरीला तो नट मान वर करतो. सुटून आल्यावर हावेलने त्याला उत्तर दिलं तेही एका छोट्या नाटकाने.

तेव्हा दुसरा शेवट सुचलाच, तर तो स्वतःच्या वहीत, स्वतःच्या पात्रांसाठी लिहा. मित्राला फक्त प्रश्न विचारा. ‘ही बाई दार का उघडते?’ असा प्रश्न त्याला त्याच्याच नाटकाच्या आत नेतो. ‘हिने दार उघडायलाच नको’ हे वाक्य त्याला बाहेर काढतं.

आवडली म्हणून न विचारता करणं

एकांकिका आवडली, आपल्या कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या मुलांना घेऊन बसवली, नाव बदललं, दोन विनोद घातले, लेखकाला कळवलंच नाही. प्रेमापोटी केलेलं असलं तरी हे चुकीचं आहे. लेखकाची लेखी परवानगी घ्या, मानधन किती ते आधीच ठरवा आणि प्रयोगाआधी द्या. वेळेसाठी काही कापायचं असेल तर कुठलं पान कापताय ते त्याला दाखवा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगासाठी प्रमाणपत्र देणारं राज्य सरकारचं मंडळ) गेली आहे का, प्रमाणपत्र कुठल्या नावाने आहे, तेही त्यालाच विचारून घ्या, कारण नाव बदललं की तिथेही घोळ होतो. निवेदकाच्या कागदावर पहिली ओळ लेखकाच्या नावाची हवी. आणि तालमीला त्याला एकदा बोलवा, शक्यतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे त्याच्या सांगण्यावरून काही बदलायला अजून वेळ असेल.