ट्रेलरचे लाइट नाचायला लागले की आधी अर्थिंग बघा (आणि हिचलाही जरा हात लावा)

सामानाचा ट्रेलर आणि बोटीचा ट्रेलर यात मोठा फरक एकच, बोटीचा ट्रेलर दर खेपेला मुद्दाम पाण्यात बुडवला जातो. त्यामुळे वायरिंग कधी ना कधी दगा देणारच, फक्त ते घरी कळावं, रस्त्यात रात्री नको.

माझंच सांगतो. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजूचे टेल लाइट मिणमिणायचे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर गप्प. मी आधी बल्ब बदलले, मग होल्डर, मग एका रविवारी अख्खी पिवळी-हिरवी वायर नवीन ओढली, तरी तेच. शेवटी चूक कुठे सापडली तर पुढे ट्रेलरच्या दांडीवर अर्थिंगची पांढरी वायर जिथे स्क्रूने फ्रेमला धरली होती तिथे, स्क्रू वरून चकचकीत आणि खाली नुसता गंजाचा भुगा. दहा मिनिटांचं काम होतं राव.

असं का होतं ते बघा. बल्बमधून गेलेल्या करंटला परत यायला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा रस्ता लागतो, तो बंद असला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा फिरून वाट शोधतो, म्हणून एक लावलं की भलतंच पेटतं. तेव्हा एकच लाइट पूर्ण मेला असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याची स्वतःची वायर बघा, पण सगळे मिळून नाचत असतील तर डोळे झाकून अर्थ. खात्री करायची तर एक लांब सुटी वायर घ्या, एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या लाइटच्या अर्थला टेकवा. लाइट सरळ झाले की चोर सापडला.

दुरुस्ती करताना नुसता स्क्रू आवळू नका. काढा, पॉलिश पेपरने खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, वायर मागे सोलत जा जोवर तांबं लाल दिसत नाही (साधी वायर पाणी आत शोषत जाते आणि कधीकधी हातभर आतपर्यंत काळी पडलेली असते), नवीन रिंग टर्मिनल दाबून बसवा, स्टेनलेसचा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस थापा. त्याहून चांगलं म्हणजे फ्रेमवर भरवसाच ठेवायचा नाही, प्रत्येक लाइटपासून पुढच्या प्लगपर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढायची. अर्थ हिचच्या, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, बॉलमधून मिळतोय अशा भ्रमात तर अजिबात राहू नका, तिथे ग्रीस असतं आणि चालताना बॉल आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर सतत हलत असतात.

जॉइंटला काळी टेप गुंडाळायची सवय सोडा, टेपमध्ये पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घ्या, गरम केल्यावर दोन्ही टोकांनी गोंद बाहेर डोकावला की जॉइंट सील झाला समजा. आणि ते चिमट्यासारखे प्लास्टिकचे क्लिप येतात ना, वायर न सोलता दाबून बसवायचे, ते बोटीच्या ट्रेलरवर नकोच, सालीला भोक पडतं आणि पाण्याला दार मिळतं. नवीन वायर टाकणारच असाल तर कल्हई केलेली बोटीची वायर घ्या, महाग जाते पण लवकर काळी पडत नाही.

चार पिनच्या चपट्या प्लगमध्ये सहसा पांढरी अर्थ, ब्राउन टेल लाइट, पिवळी डावी बाजू, हिरवी उजवी. सात पिनच्या गोल प्लगला हा हिशोब लागू नाही, तिथे रंगावर न जाता टेस्ट लॅम्पने पिन तपासा. पिना हिरव्या पडल्या असतील तर बारीक ब्रशने घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) लावा, थोडंच.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या आधी प्लग काढणं. ब्रेक दाबून दाबून बल्ब तापलेले असतात, थंड पाणी लागलं की काच तडकते, शॉर्ट झालं तर गाडीचा फ्यूज पण जातो. सीलबंद एलईडी लाइट बसवले तर काच फुटायचा प्रश्न मिटतो, पण काही गाड्यांत इंडिकेटर एकदम भरभर लुकलुकायला लागू शकतो, एलईडी करंट कमी खातो म्हणून गाडीला वाटतं बल्ब उडालाय.

आता हिच. बॉलवर आणि कपलरवर साइज कोरलेली असते, ती वाचा, अंदाजाने लावू नका. २ इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि ५० मिलिमीटरचाही बॉल मिळतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच. २ पूर्णांक ५/१६ इंची कपलर २ इंची बॉलवर बसल्यासारखा दिसतो, लॅच पण लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येतो. म्हणून लॅच लावल्यावर दांडीचा जॅक फिरवून कपलर वर उचलून बघायचा, गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तरच पकड खरी. बॉलला ग्रीसचा पातळ हात पुरतो, पण तुमच्या कपलरमध्ये फ्रिक्शन पॅड (बॉलला घासून ट्रेलरचं डोलणं कमी करणारे) असतील तर एक थेंबही नको. बॉलखालचा नट मधूनमधून पान्याने तपासा, हा कधी सैल होतो कळत नाही. सेफ्टी चेन दांडीखालून फुली मारून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडेल.

बॉलवर येणारं वजन एकूण वजनाच्या साधारण १० टक्के धरतात, ट्रेलर आणि बोट मिळून १,००० किलो तर पुढे १०० किलोच्या आसपास, पण तुमच्या हिचच्या पाटीवरचा आकडा शेवटचा. पुढे वजन कमी पडलं की वेगात ट्रेलरची शेपूट हलायला लागते, आणि बोटीत मागची पेट्रोलची टाकी भरली तरी गणित बदलतं.

परत आल्यावर, विशेषतः खाऱ्या पाण्यातून, गोड्या पाण्याने सगळं धुवा, फ्रेमच्या पोकळ पाइपात पण पाण्याची नळी घालून. प्लग पुसा आणि तोंड खाली करून लटकवा, वर तोंड राहिलं तर रात्रभर दव त्यातच साचतं.