तयार प्लॅटफॉर्म की कस्टम साइट? सांगली-मिरजेच्या धंदेवाल्यांनी या चुका टाळा

विश्रामबागेतला एक पोरगा वर्डप्रेस या तयार प्लॅटफॉर्मवर आठवड्यात साइट उभी करून देतो म्हणतो. पुण्याची कंपनी त्याच कामाचे ‘पूर्ण कस्टम’, म्हणजे सगळा कोड तुमच्यासाठी नव्याने लिहिलेली साइट, म्हणून कैकपट सांगते. मालकाला दोन्ही कोटेशनमधलं निम्मं कळत नाही आणि काम शेवटी मेव्हण्याच्या ओळखीतून आलेल्याला जातं. मग वर्षभरात कुरकुर सुरू होते: भाव बदलता येत नाही, ऑर्डरमागे पदरचे पैसे जातात, साइट करणारा फोन उचलत नाही. यात प्लॅटफॉर्मचा दोष कमीच असतो. आपला माल नेमका कसा विकला जातो, हे कुणी बसून कागदावर लिहिलेलंच नसतं.

साइट दुसऱ्याच धंद्याची

बेदाण्याचा व्यापारी बघा. भाव तासगावच्या किंवा सांगलीच्या सौद्यात ठरतो, रंग आणि दाण्याप्रमाणे बदलतो, आणि घाऊक घेणारा फोन केल्याशिवाय पैसे टाकत नाही. त्याच्या साइटवर ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण शोभेचं. त्याला प्रतवारीचे स्वच्छ फोटो, पॅकिंगची माहिती आणि व्हॉट्सॲपचं बटण पुरतं. एवढ्यासाठी कस्टम साइट घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वेगळीच गोष्ट. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सतार घेणारा पाकीटबंद माल घेत नसतो. डावखुऱ्यासाठी हवी, तरफेच्या (मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या) तारा किती, कोरीव काम कसं, कधी मिळेल, असं विचारून मग तो आगाऊ रक्कम देतो. इथे दुकान मांडणारी साइट घेतली की कारागीर तिच्याशी भांडत बसतो. एक चांगला फॉर्म आणि टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायची पेमेंट लिंक, झालं. दोन्ही गोष्टी तयार मिळतात.

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीला तर पाच पानं लागतात: मशीनची यादी, क्षमता, सर्टिफिकेटं, कामाचे नमुने, ड्रॉइंग पाठवायचा फॉर्म. त्यामागे ॲडमिन पॅनेलवर वीस बटणं दिलेली असतात. ती कोण दाबणार?

‘प्लॅटफॉर्मला जमत नाही’ म्हणण्याआधी

भडंगवाल्यांची ठरलेली तक्रार: ‘साइट कुरिअरचा हिशेब चुकवते, कस्टम करून घेतली पाहिजे.’ साइट हिशेब चुकवत नाही, तिला माहितीच चुकीची दिलेली असते. भडंग हलकं, पण जागा फार खातं. कुरिअरवाला खरं वजन आणि आकारमानी वजन यातलं जास्त असेल ते धरतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाले त्याला ५००० ने भागतात. ३० बाय २५ बाय २० चं खोकं म्हणजे १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत भडंग जेमतेम सव्वा किलो. तुमच्या साइटने सव्वा किलोचे पैसे घेतले, कुरिअरने तीन किलोचं बिल लावलं. मधला फरक तुमच्या खिशातून.

उपाय फुकटचा आहे. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसवर दुकान चालवणारी जोडणी) प्रत्येक पाकिटाच्या वजनाच्या रकान्यात खऱ्या वजनाऐवजी त्याच्या वाट्याचं आकारमानी वजन भरा. फक्त एक खबरदारी: हे वजन मालाच्या पानावर ‘अधिक माहिती’च्या टॅबमध्ये गिऱ्हाइकालाही दिसतं. तो टॅब बंद करा आणि निव्वळ वजन मालाच्या नावात लिहा, नाहीतर अर्ध्या किलोच्या पाकिटावर सव्वा किलो वाचून लोक भांडायला येतील.

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, पाकीटबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. तयार प्लॅटफॉर्मवर कराच्या तक्त्यात एक आकडा बदलायचा होता. कस्टम साइटमध्ये दर थेट कोडमध्ये लिहिलेला असेल, तर तो आकडा बदलायलाही डेव्हलपरची वाट बघावी लागते आणि तोवर बिलं जुन्या दराने निघतात. म्हणून कस्टम करून घेतलीच तर आधी विचारा: कराचा दर, डिलिव्हरीचा खर्च आणि भाव मी स्वतः कुठल्या पानावर बदलू? उत्तरात ‘आम्हाला सांगा, आम्ही करून देऊ’ आलं तर सही करू नका.

मराठीचे घोळ तर दोन्हीकडे सारखेच. प्रेसवाल्याकडून आलेला मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो साइटवर चिकटवला की अक्षरांचा कचरा दिसतो. मालकाला वाटतं साइटला मराठी येत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच टाका. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला, तिथे हमखास गफलत होते. दुसरं, पानाचा पत्ता मराठीत ठेवला की ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्केचिन्हांची माळ होते. ‘हळद’ ही तीन अक्षरं तिथे २७ चिन्हं होतात. पानाचं शीर्षक मराठीतच असू द्या, पत्ता मात्र रोमन अक्षरांत छोटा ठेवा.

स्वस्त, महाग आणि न दिसणारं

महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार दुकान म्हणजे शॉपिफाय. ते सोपं आहे, दुकान चटकन उभं राहतं, हे खरं. पण त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे दुसऱ्याचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडावा लागतो आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफाय प्रत्येक ऑर्डरवर वेगळे २ टक्के घेतं. ६०० रुपयांच्या हळदीच्या ऑर्डरवर ते १२ रुपये. गेटवेचे २ टक्के धरले तर आणखी १२, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये १६ पैसे. एकूण २६ रुपये गेले, महिन्याचं भाडं वेगळंच. नफा जाड असेल तर हरकत नाही. किलोमागे वीस-तीस रुपये सुटणाऱ्याने मात्र आधी कागदावर हिशेब करावा.

वर्डप्रेस आणि वूकॉमर्स फुकट, पण होस्टिंग आणि पैशाची प्लगइन (साइटला जादा सोयी देणाऱ्या जोडण्या) दरवर्षी पैसे मागतात. ते वाचवायला काही जण चोरीच्या थीम (साइटच्या रूपाचे तयार साचे) आणि प्लगइन टाकून देतात. त्याचं एक लक्षण ओळखून ठेवा: गूगलवर आपल्या दुकानाचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरं दिसतात. कुणीतरी आत शिरून हजारो खोटी पानं टाकलेली असतात. नुसता बॅकअप परत चढवून हे जात नाही, कारण बॅकअपमध्येही तीच चोरीची थीम असते. साइटवरचे अनोळखी वापरकर्ते काढा, गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलचं फुकटचं पान) आपल्या साइटचा कुणी परका ‘मालक’ जोडलाय का बघा, सगळे पासवर्ड बदला, थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्याने घ्या.

आणि हो, ‘कस्टम’ म्हणून गळ्यात मारलेली साइट खरोखर कस्टम आहे का, हेही बघा. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन रोमन अक्षरांत डब्ल्यूपी-ॲडमिन (wp-admin) टाइप करा. वर्डप्रेसचं लॉगिन उघडलं तर तुम्ही तयार मालाला कस्टमचे पैसे मोजलेत. वर्डप्रेसमध्ये वाईट काही नाही, बिल वाईट आहे.

कागद कुणाच्या नावावर

डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, हा साइटचा सातबारा. तो डेव्हलपरच्या खात्यात असेल तर बाकी सगळं तुमचं असूनही उपयोग शून्य. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, नूतनीकरणाचे पैसे स्वतःच्या कार्डाने भरा.

कोडची गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही सहज तोंडावर नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरच्या फ्रीलान्सरकडून पैसे देऊन कोड लिहून घेतला तर साधारणपणे हक्क त्याचाच राहतो. तो तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतरण लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे दोन शब्द करारात घालून घ्यायला काहीच खर्च येत नाही.

कस्टम कधी?

शंभर-दीडशे दुकानदारांना माल देणारा डिस्ट्रिब्युटर, प्रत्येकाचा भाव वेगळा, उधारीची मर्यादा वेगळी, आणि येणी टॅलीतून दिसायला हवीत. इथे तयार प्लॅटफॉर्मवर प्लगइनची ठिगळं लावत बसण्यापेक्षा नीट कस्टम काम करून घ्यावं. पण तेवढंच. लोकांना दिसणारी साइट तयार प्लॅटफॉर्मवर राहू दे, डीलरचा भाग वेगळ्या सबडोमेनवर (त्याच नावाखालच्या वेगळ्या पत्त्यावर) बांधा. सगळंच कस्टम करा म्हणणाऱ्याला त्यात काम दिसत असतं, तुमची गरज नव्हे.

आधीच अडकला असाल तर

भांडण नंतर. गोड बोलून पहिल्यांदा डोमेन आपल्या खात्यात घ्या. डॉट कॉमचा ट्रान्सफर कोड मागताना लक्षात ठेवा, नव्या नोंदणीनंतर ६० दिवस ते दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे हलवता येत नाही. मग फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या. नुसत्या फाइल्स घेतल्या तर फोटो येतात, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं राहून जातात. तो बॅकअप फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, गावभागातल्यांना २०१९ चा पूर आठवत असेल. मालाची यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवा, ती बहुतेक प्लॅटफॉर्मवर चढते.

नवी साइट उभी राहिली की प्रत्येक जुन्या पानावरून नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान उघडणं) लावून घ्या, म्हणजे गूगलवर कमावलेली जागा आणि लोकांनी साठवलेल्या लिंका वाया जात नाहीत. त्यानंतर स्वतः एक खरी ऑर्डर टाका, पैसे भरा, रद्द करा, परतावा खात्यात येईपर्यंत थांबा. जुनं होस्टिंग महिनाभर तरी बंद करू नका. आणि फराळ, भडंग किंवा बेदाणा विकत असाल तर हा सगळा बदल दिवाळीच्या तोंडावर अजिबात काढू नका.