सेन्सिटिव्ह स्किनसाठी घरच्या क्रीममध्ये ॲक्टिव्ह कसे घालायचे: एका वेळी एकच

माझी पहिली ॲक्टिव्हवाली क्रीम (ॲक्टिव्ह म्हणजे त्वचेवर ठरावीक काम करणारा घटक) तिसऱ्याच दिवशी बंद करावी लागली. गालांवर चटके, नाकाच्या बाजूला लाल चट्टे, आणि ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरने जाताना घाम आला की नुसती आग. त्या एका डबीत मी नायसिनामाईड (व्हिटॅमिन बी 3 चं एक रूप) 10 टक्के, व्हिटॅमिन सी, टी ट्री ऑइल आणि बाल्कनीतल्या कोरफडीचा गर असं सगळं घातलं होतं, कारण प्रत्येकाबद्दल कुठे ना कुठे चांगलंच वाचलं होतं. त्रास नक्की कशाने झाला ते आजही सांगता येत नाही, कारण चारही एकदम होते ना. म्हणून आता माझा एकच नियम आहे: साधी क्रीम आधी, ती चेहऱ्याला मानवली की त्यात एक ॲक्टिव्ह, आणि दुसरा ॲक्टिव्ह पुढच्या डबीत.

साधी क्रीम 100 ग्रॅमच्या हिशोबाने सांगते, म्हणजे ग्रॅम आणि टक्के एकच होतात (बनवताना मात्र निम्मीच बनवा, 50 ग्रॅम, घरच्या एका माणसाला भरपूर होते). डिस्टिल्ड वॉटर 76.7, ग्लिसरीन 4, सूर्यफुलाचं तेल 12, इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) 6, व्हिटॅमिन ई 0.3 आणि प्रिझर्वेटिव्ह 1. तेल कोल्ड प्रेस्ड असलं तर बरं, आणि खोबरेल नको, चेहऱ्यावर बऱ्याच जणांना त्याने पुटकुळ्या येतात. एका काचेच्या भांड्यात पाणी-ग्लिसरीन, दुसऱ्यात तेल-वॅक्स, दोन्ही उकळत्या पाण्यात ठेवून 70-75 डिग्रीपर्यंत तापवायचं, वॅक्स पूर्ण वितळलं की दोन्ही एकत्र करून कॉफी फेटायच्या छोट्या मशीनने फेटत राहायचं, थांबत थांबत, गार होईपर्यंत. एक गरम आणि एक कोमट असं घेतलंत तर क्रीम दुधासारखी फाटते.

वजनकाटा मात्र 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सोनाराकडे असतो तसा छोटा, ऑनलाईन स्वस्तात मिळतो. चमच्याने, चिमटीने, थेंबांनी ॲक्टिव्ह मोजू नका, 2 टक्क्यांचे 5 कधी होतात ते कळतसुद्धा नाही आणि सेन्सिटिव्ह स्किनला तेवढा फरक लगेच कळतो.

आता ॲक्टिव्ह. ह्यात हिशोब असा, की जेवढं घालाल तेवढं पाणी कमी करायचं. पॅन्थेनॉल 2 ग्रॅम घालायचं तर पाणी 76.7 ऐवजी 74.7. तयार क्रीमवर वरून घातलं तर एकूण वजन वाढतं, मग प्रिझर्वेटिव्हचं प्रमाण पण खाली येतं.

सुरुवात मी पॅन्थेनॉलनेच करायला सांगेन. व्हिटॅमिन बी 5 चंच रूप आहे, त्वचेत ओलावा धरून ठेवतं, चुरचुर शांत करतं आणि त्रास फार क्वचित कोणाला देतं. काकवीसारखं घट्ट चिकट असतं त्यामुळे वाटीतून वाटीत ओतलं की अर्धं मागे राहतं, म्हणून ज्या भांड्यात क्रीम आहे तेच काट्यावर ठेवून सरळ त्यातच मोजून घाला. क्रीम 40 डिग्रीच्या खाली आल्यावर, म्हणजे भांड्याला बाहेरून हात लावला तर कोमट लागेल तेव्हा. 1 ते 2 टक्के पुरे, 5 टक्के घालतात लोक पण आपल्याकडच्या दमट हवेत चेहरा चिकचिकतो.

ॲलँटॉइन हा दुसरा, त्वचा शांत करणारी पांढरी पावडर, 0.2 टक्के. बाकीचे ॲक्टिव्ह शेवटी घालतात, हा मात्र सुरुवातीच्या गरम पाण्यात घाला, कारण गार पाण्यात फारसा विरघळतच नाही. जास्त घातला तर क्रीम गार झाल्यावर परत बारीक खडे होतात आणि चेहऱ्यावर रवा चोळल्यासारखं लागतं. माझ्याकडून 1 टक्का पडला होता एकदा, ती डबी पायांना वापरून संपवली.

नायसिनामाईडबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यांना तेच हवं असतं. बाजारात 10 टक्क्यांची सिरम मिळतात म्हणून घरीही 10 टाकायचं असं काही नाही, सेन्सिटिव्ह चेहऱ्याला 2 टक्क्यांनी सुरुवात करा, मानवलं तर पुढच्या डबीत 3 किंवा 4, त्याच्या वर मी जात नाही. पावडर सरळ क्रीममध्ये टाकू नका, कण राहतात. पाणी तापवून झालं की त्यातलं 5-6 ग्रॅम बाजूला काढून झाकून ठेवा, कोमट झालं की त्यात पावडर विरघळवा (पटकन विरघळते) आणि क्रीम तशीच कोमट असताना हळूहळू फेटत घाला. आणि ह्याला आंबट वातावरण चालत नाही. लिंबू, व्हिटॅमिन सी असं काही सोबत घातलं आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं जास्त आंबट) फार खाली गेला तर नायसिनामाईड हळूहळू तुटून निकोटिनिक ॲसिड बनतं, आणि त्याने चेहरा लालबुंद होतो, गरम गरम वाटतं. बऱ्याच जणींना वाटतं आपल्याला नायसिनामाईडच सोसत नाही, पण कधीकधी दोष ह्या आंबटपणाचा असतो.

म्हणून पीएच पट्ट्या घेऊन ठेवा. 1 ग्रॅम क्रीम 9 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळायची आणि त्यात पट्टी बुडवायची. 5.5 ते 6 आला तर उत्तम. जास्त आला तर सायट्रिक ॲसिडचं अगदी पातळ पाणी करून एकेक थेंब घालायचा आणि परत बघायचं. लिंबाचा रस नाही हं, त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो, शिवाय लिंबाच्या तेलाने उन्हात गेल्यावर डाग पडू शकतात.

ओट्सचं खूप जणी विचारतात. ओट्स खरंच गुणी आहेत, खाज-कोरडेपणावर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2003 मध्ये कोलॉइडल ओटमीलला, म्हणजे ओट्सच्या अगदी बारीक पुडीला, त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. पण जांभळी नाक्यावरून आणलेले ओट्स मिक्सरला फिरवून पाण्याच्या क्रीममध्ये घातले तर बुरशीला आयतं जेवण वाढल्यासारखं होतं. ते आंघोळीच्या पाण्यात घाला. कोरफडीच्या ताज्या गराचंही तेच, लवकर नासतो, आणि पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो त्याने नाजूक त्वचेला खाज सुटते. हळद, चंदन पण क्रीममध्ये नको, लेप लावायचा तर ताजा कालवून लावा आणि धुऊन टाका.

कॅमोमाईल किंवा कॅलेंडुला ‘सौम्य’ म्हणून विकतात, पण ही शेवंती-झेंडूच्या कुळातली झाडं आहेत. ज्यांना गाजरगवताने अंगावर उठतं त्यांना ह्यांनीही उठू शकतं, त्यामुळे तुम्ही त्यातल्या असाल तर नकोच. लॅव्हेंडर, टी ट्री, कुठलंच इसेन्शियल ऑइल मी आता घालत नाही, वासासाठी तर नाहीच. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिड हे तीव्र ॲक्टिव्ह घरी करायच्या गोष्टी नाहीत. झिंक ऑक्साईड घालून सनस्क्रीन झालं असंही समजू नका, सनस्क्रीन विकतचंच लावा. आणि एक कळकळीने सांगते, मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब ‘थोडीशीच’ म्हणून क्रीममध्ये मिसळायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. आठ दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते, केसांसारख्या लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं.

प्रिझर्वेटिव्ह का, आपण तर घरचं नैसर्गिक बनवतोय ना, असं माझी नेरूळची भाची म्हणायची. जुलैमध्ये तिने बिनप्रिझर्वेटिव्हची डबी बाथरूममध्ये ठेवली आणि दहा दिवसांत झाकणाच्या आतून काळे ठिपके. दिसतात ते ठिपके, बॅक्टेरिया तर दिसतच नाहीत. पाणी आहे तिथे प्रिझर्वेटिव्ह हवंच, व्हिटॅमिन ई ते काम करत नाही, ते फक्त तेल खवट होऊ देत नाही. फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण मिळतं, ते 1 टक्का, क्रीम 40 डिग्रीच्या खाली आल्यावर. भांडी, चमचे, डबी आधी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसून घ्या. रुंद डबीपेक्षा पंपाची बाटली बरी, बोटं आत जात नाहीत.

झाली क्रीम की लगेच चेहऱ्याला लावायची घाई नको. कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा, काही रिॲक्शन पहिल्या दिवशी दिसतच नाहीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतात. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला तीन दिवस, मग चेहरा. आधीच त्वचा फुटलेली, पाणी सुटलेलं, एक्झिमा उसळलेला असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, प्रयोग नंतर.

डबीवर तारीख आणि काय किती टक्के घातलं ते लिहून चिकटवा, वहीत पण लिहा. दोन-तीन महिन्यांत संपवा, पावसाळ्यात मी फ्रिजच्या दारात ठेवते. वास, रंग बदलला किंवा वर पाणी सुटलं तर टाकून द्या, चाळीस-पन्नास ग्रॅमचीच तर असते. भाचीच्या आत्ताच्या डबीवर ‘पॅन्थेनॉल 2, बाकी काही नाही’ एवढंच लिहिलंय, दीड महिना झाला, गाल शांत आहेत, आणि पुढच्या रविवारी नायसिनामाईडवाली करायला ती ठाण्याला येतेय.