मुंबई–लंडन: तिकिटावरच्या वेळेतून प्रवासाचे खरे तास काढा

मुंबई ते लंडन हीथ्रो हे सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ मात्र त्या-त्या गावची असते. दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6 ला पोहोचणारं विमान पाच तासांत जात नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यामागे साडेचार तास असतं, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. उरलेल्या महिन्यांत साडेपाच तास मिळवा. येताना हाच फरक वजा करायचा.

परतीला वेळ सहसा कमी लागतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे विमानाला पुढे रेटतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो.

नुसत्या अंतराला वेगाने भागून येणाऱ्या वेळेवर विसंबू नका. हवाई हद्द बंद असली तर वळसा पडतो. तिकिटावरच्या तासांत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ धरलेला असतो, पण इमिग्रेशन आणि सामानाचा नाही. आईबाबा पहिल्यांदाच एकटे येत असतील, तर त्यांना हा हिशोब कागदावर लिहून द्याच. औषधांच्या वेळा त्यावरच ठरतात.